विजेचा बेंजो: आधी पिकअप, मग तार

विजेवर वाजणारा बेंजो मुळात बुलबुल तरंग. १९१२ मध्ये जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी तैशोगोतो हे वाद्य घडवले. त्याचाच हा भारतीय अवतार. चामडे मढवलेल्या अमेरिकी बँजोशी त्याचे नाते नावापुरतेच. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि टाइपरायटरसारखी बटणे. डाव्या हाताने बटण दाबले की तार पट्टीवर टेकते, उजव्या हाताने ती छेडायची. पेटीचा मूळ आवाज खोलीपुरता. मुंबई-कोकणातल्या मिरवणुकांत तो ताशाच्या कडकडाटातही ऐकू यावा म्हणून तारांखाली पिकअप आला.

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती घातलेले केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत वीज उमटते. तो बसवणे हे या वाद्यातले सर्वांत जोखमीचे काम. कारागीर कथलाचा डाग देतो तेव्हा राळेचा धूर उठतो. तो वास विरण्याआधीच त्याचा हात स्क्रूवर गेलेला असतो. तार आणि चुंबक यांत दोन मिलिमीटर अंतर, हे त्याचे माप. कमी ठेवले तर चुंबक तारेला ओढतो आणि सूर बिघडतो. जास्त ठेवले तर आवाज दुबळा होतो. तारांची धातूची टेकण भू-तारेला जोडलेली नसेल, तर घरगुती विजेची ५० हर्ट्झची घरघर सुरांत मिसळते. मिरवणुकीत वाजवणाऱ्या पथकाच्या फलकावर या कारागिराचे नाव नसते. पथकाचा आवाज मात्र त्याच्याच हातचा असतो.

तारेची निवड यानंतर. चुंबकाला पोलादच ऐकू येते, नायलॉन नाही. गिटारची ०.०१० इंची तार, म्हणजे सुमारे पाव मिलिमीटर जाडीची, बटणाखाली हलकी दबते. तिच्या जागी ०.०१२ इंची लावून तोच सूर ठेवला तर ताण ४४ टक्क्यांनी वाढतो. आवाज भरीव होतो, पण बोटे लवकर थकतात आणि पेटीवरचा भार वाढतो. तारेची जाडी किंवा टेकणीची उंची बदलली की दोन मिलिमीटरचे माप पुन्हा तपासावे लागते.

पोलादी तारा नसलेल्या युकुलेलीचा हिशेब वेगळा. तिच्यावर सहसा नायलॉन किंवा फ्लुरोकार्बनच्या तारा असतात. म्हणून टेकणीखाली दाब ओळखणारा पिझो पिकअप बसवतात. नायलॉनसाठी घडवलेल्या युकुलेलीवर पोलादी तारा चढवल्या तर त्या ताणाने टेकण उखडू शकते.

बेंजो विकत घेताना प्रत्येक बटण दाबून पाहावे: ते लगेच वर येते का, तार झणझणते का. नंतर अॅम्प्लिफायरला जोडून, न वाजवता, नुसती घरघर ऐकावी. शहरापासून दूरच्या गावातल्या वादकाने मिरवणुकीच्या रात्री तुटलेल्या तारेसाठी शहराची वाट धरणे शक्य नसते. त्याने त्याच जाडीच्या दोन-तीन तारा पेटीत ठेवाव्यात आणि वाजवून झाल्यावर घाम कोरड्या फडक्याने पुसावा. गंजलेली तार कितीही जुळवली तरी सुरात राहत नाही.