पडत्या वर्षाचे माप

बारामती-इंदापूर म्हटले की डोळ्यांपुढे ऊस येतो. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर आलेला नीरेचा डावा कालवा आणि पुढे भीमेवरचे उजनी धरण यांनी हे चित्र घडवले. पण कालव्याचे पाणी पोचत नाही, तिथे जिरायती गावे सुरू होतात. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास. तोही जून-जुलैत थोडा, मग मोठी ओढ आणि सप्टेंबरात परतीचा. या ओढीला शेतकऱ्याने दिलेले उत्तर म्हणजे मिश्रपीक.

खरिपात पाभरीने बाजरी पेरताना मागे दोरीने बांधलेल्या मोघणातून काही ओळींआड तूर सोडत. बाजरी तीन महिन्यांत घरी येते. तूर सुरुवातीला सावकाश वाढते, त्यामुळे बाजरीशी फारशी भांडत नाही. बाजरी निघाली की मोकळ्या रानात फोफावते. ऑगस्ट कोरडा गेला तर बाजरीची कणसे पोचट राहतात, पण परतीच्या पावसावर तूर सावरते. परतीचा पाऊस चुकला, तर निदान बाजरी पदरात पडलेली असते. शिवाय तुरीच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात.

रब्बीत शाळूबरोबर करडई. शाळूची तंतुमुळे वरच्या थरातली ओल घेतात, करडईचे सोटमूळ खोल जाते. बांधालगतच्या काटेरी ओळी जनावरांना अडवतात आणि घरात तेलही येते.

याचा हिशेब कसा करायचा? समजा, एका एकरात नुसत्या बाजरीच्या ७० टक्के बाजरी आणि नुसत्या तुरीच्या ६० टक्के तूर मिळाली. तेवढेच वेगवेगळे पिकवायला १.३ एकर लागले असते. मात्र चांगल्या वर्षी एखादे सलग पीक जास्त पैसा देऊन जाईल, हेही खरे. मिश्रपिकाचे खरे माप पडत्या वर्षी कळते: घर पूर्ण रिकामे राहत नाही.

मग ते मागे का पडले? दोन पिके वेगवेगळ्या वेळी काढायची, तर मळणीयंत्र थेट रानात घालता येत नाही. एका पिकाला चालणारे तणनाशक दुसऱ्याला जाळते. आणि खुरपायला माणसे मिळत नाहीत. या अडचणी खोट्या नाहीत.

२००९ मध्ये बारामतीजवळ माळेगाव खुर्द येथे राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था उभी राहिली. दुष्काळ आणि उष्णतेचा पिकांवरचा ताण हाच तिचा विषय. प्रयोगशाळेतले काम चालू राहीलच. पण कोणत्या रानात किती ओळींआड काय पेरायचे, हे ज्यांच्या हाताला ठाऊक आहे ती माणसे आता थकली आहेत. मोघण माळ्यावर सापडेल. ते धरणारा हात गेला, तर परत मिळणार नाही.