साडेचार इंच

तान्ह्या बाळाची टाळू भरताना आजीची बोटं एकदम हलकी का होतात, हे मला फार उशिरा कळलं. कोमट तेलाचे चार थेंब मधोमध सोडायचे आणि तळहात नुसता टेकवायचा, दाबायचं नाही. तिथे हाड नसतं. कातडीखाली एक चिवट पडदा आणि त्याखाली मेंदू. बाळ शांत झोपलेलं असताना निरखून पाहिलं, तर ती जागा नाडीच्या ठोक्यागणिक हलताना दिसते. साधारण दीड वर्षात टाळू भरून येते आणि घरातल्यांचा हात सैलावतो. आतल्या वस्तूचा नाजूकपणा मात्र जन्मभर तसाच राहतो.

किती नाजूक? प्रयोगशाळेतल्या बरणीत मेंदू पाहिलेल्यांची इथे फसगत होते, कारण फॉर्मेलिनमध्ये तो टणक होतो. जिवंत मेंदू खरवसासारखा असतो. ताटली हलवली की थरथरणारा, बोट टेकवलं की खळगा पडणारा. असा १४०० ग्रॅमचा खरवस हाडाच्या डब्यात घेऊन आपण धावत बस पकडतो, लेझीम खेळतो, जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरतो, आणि त्याला काहीही होत नाही! कारण तो डब्यात ठेवलेला नसतो, तरंगत असतो. मेंदूभोवती आणि मेंदूच्या आतल्या पोकळ्यांत मिळून जेमतेम १५० मिलिलिटर पाणी असतं, पण त्या पाण्यात १४०० ग्रॅमचा मेंदू जणू ५० ग्रॅमचा होऊन राहतो. ही सोय नसती तर मेंदू स्वतःच्याच वजनाने तळाला दबला असता.

धावण्या-उडी मारण्याच्या आयुष्याला ही सोय पुरते. डोकं एकाएकी थांबलं की मात्र पुरत नाही. कवटी फरशीवर थांबते, आतला खरवस पुढे जात राहतो. त्यातून डोकं गिरकी घेऊन आपटलं, तर मेंदूचे थर एकमेकांवरून सरकतात आणि त्यांच्यामधून गेलेले मज्जापेशींचे लांब तंतू ताणले जातात. या तंतूंचा स्वभाव मळलेल्या कणकेसारखा आहे. हळू ओढली तर कणीक लांबते, हिसका दिला तर तुटते. म्हणूनच कवटीला साधा तडाही न जाता आतलं खूप काही तुटू शकतं.

म्हणजे इजा पडण्याने होत नाही, थांबण्याने होते. हे वाक्य ऐकायला शब्दांचा खेळ वाटेल, पण यावर एका माणसाने आयुष्य काढलं. ह्यू डी हेवन हा अमेरिकन तरुण १९१७ साली वैमानिकाचं प्रशिक्षण घेत असताना दोन विमानं हवेत एकमेकांवर आदळली. तो वाचला, आणि आपण का वाचलो हा प्रश्न त्याला कधी सोडून गेला नाही. पुढे त्याने स्वयंपाकघरात उंचावरून रबराच्या जाड गादीवर अंडी टाकून पाहिली. मग उंच इमारतींवरून पडूनही जिवंत राहिलेल्या माणसांच्या हकिकती गोळा केल्या आणि १९४२ साली त्या मोजमापांसह छापल्या. त्यात एक बाई आहे. ती सुमारे १४४ फुटांवरून पडली ती हवा खेळवण्यासाठी बसवलेल्या पत्र्याच्या पेटीवर. पेटी फूट-दीड फूट चेपली. बाई वाचली.

त्या चेपलेल्या पत्र्यात सगळं शास्त्र आहे. किती उंचीवरून पडलो आणि किती अंतरात थांबलो, यांचा भागाकार करा. जे उत्तर येईल, साधारण तितक्या पट आपलं वजन शरीराला थांबताना सोसावं लागतं. सायकलवरून पडणाऱ्या मुलाचं डोकं दीड मीटरवरून खाली येतं असं धरू. उघडं डोकं डांबरावर दोन मिलिमीटरमध्ये थांबलं, तर भागाकार ७५० येतो. तेच दोन सेंटिमीटरमध्ये थांबलं तर ७५. हे दोन सेंटिमीटर ज्याच्यात मिळतात ते हेल्मेटच्या आतलं अस्तर म्हणजे आपण गणपतीच्या मखरांसाठी वर्षानुवर्षं कापत आलो तो थर्माकोल, थोडा अधिक दाट केलेला. तो चिरडला जातो, आणि चिरडायला लागलेला वेळ मेंदूला मिळतो. एकदा चिरडला की संपला. जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही धड दिसलं तरी ते पुन्हा वापरायचं नाही, ते याच कारणाने.

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि तिचं मला सर्वांत जास्त आश्चर्य वाटतं. मोठ्या माणसाचं डोकं त्याच्या उंचीच्या साधारण आठवा हिस्सा असतं, नवजात बाळाचं चौथा. मूल उभं राहायला लागतं तेव्हा त्याचा तोल आपल्यापेक्षा कितीतरी वर असतो. खिडकीच्या कट्ट्यावर पोट टेकवून ते खाली वाकलं की तोल कट्ट्याच्या पलीकडे जायला फार वाकावं लागत नाही. आणि ते पडतं तेही डोक्यावर. तिसऱ्या मजल्याची उंची नऊ मीटर धरली, तर जमिनीशी पोहोचताना वेग ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास असतो.

न्यूयॉर्कच्या जुन्या भाड्याच्या इमारतींत खिडकीची खालची काच वर सरकवून खिडकी उघडायची पद्धत होती. म्हणजे ती उघडायची ती नेमकी मुलाच्या उंचीवर. उन्हाळ्यात घरं तापत, खिडक्या रात्रंदिवस उघड्या राहत, हवेसाठी पलंग खिडकीला लावलेले असत. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या शहरात पंधरा वर्षांखालच्या मुलांच्या अपघाती मृत्यूंपैकी १२ टक्के मृत्यू खिडकीतून पडून होत होते. आठपैकी एक! आणि प्रत्येक वेळी लोक तेच विचारत, आई कुठे होती? आई तिथेच असे, चुलीपाशी, धाकट्याला दूध पाजत.

१९७२ मध्ये शहराच्या आरोग्य खात्याने ब्राँक्स भागात एक मोहीम सुरू केली. शार्लट स्पीगल हे तिच्यामागचं प्रमुख नाव, आणि मोहिमेचं नाव होतं ‘मुलांना उडता येत नाही’. आधी मोजणी सुरू झाली. मूल खिडकीतून पडलं की रुग्णालयाने आणि पोलिसांनी खात्याला कळवायचं. मग आरोग्य खात्याची परिचारिका त्या घरी जायची, दोष द्यायला नव्हे, खिडक्या पाहायला. वस्तीत काम करणारे लोक घरोघर दार ठोठावून लहान मुलं कुठे आहेत ते विचारत. आणि खात्याने लोकांना नुसती माहितीपत्रकं दिली नाहीत, गज दिले. सहज बसवता येतील असे लोखंडी गज, फुकट. मला या मोहिमेचा मोठेपणा या एका गोष्टीत दिसतो. ‘मुलांकडे लक्ष ठेवा’ हा सल्ला जगात सगळीकडे फुकट मिळतो, पण तीन मुलांच्या आईचे डोळे दोनच असतात. गजाला डुलकी लागत नाही.

दोन वर्षांत ब्राँक्समध्ये खिडकीतून पडण्याच्या नोंदी निम्म्यावर आल्या. १९७६ मध्ये शहराने नियमच केला: दहा वर्षांचं किंवा त्याहून लहान मूल राहत असेल त्या घराच्या खिडक्यांना घरमालकाने गज बसवायचे, आणि साडेचार इंचांहून मोठी फट कुठेही राहता कामा नये. दर वर्षाच्या सुरुवातीला भाडेकरूंना एक कागद येतो. तुमच्याकडे दहा वर्षांचं किंवा त्याहून लहान मूल राहतं का? त्याच शहराच्या हार्लेम भागातल्या रुग्णालयात बार्बरा बार्लो या बालशल्यचिकित्सकांनी दहा वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा खिडकीतून पडून दाखल होणारी मुलं ९६ टक्क्यांनी कमी झाली होती. लशीच्या यशाला शोभावा असा आकडा, आणि लस कसली तर लोखंडाची.

मुंबई-पुण्याच्या माणसाला यात नवल वाटणार नाही, कारण आपल्या खिडक्यांना गज पिढ्यानपिढ्या आहेत. ते चोरांसाठी बसवले गेले आणि मुलांच्या कामी आले. पण नव्या टॉवरमध्ये सरकत्या मोठ्या काचा आल्या, दर्शनी भाग एकसारखा दिसावा म्हणून गजांना कित्येक ठिकाणी मनाई झाली, आणि उरली ती डासांची जाळी. डासांची जाळी डासांना थांबवते, मुलाचं वजन पेलत नाही. न्यूयॉर्कला लागून असलेल्या न्यू जर्सी राज्यातही गजांचा कायदा आहे. जर्सी सिटीत भाड्याने राहणाऱ्या अनेक मराठी घरांच्या करारात त्याची सूचना असते. तिथे भाडेकरूला लेखी मागणी करावी लागते, म्हणून ते पान वाचल्याशिवाय उलटू नये.

बार्लो खिडक्यांवर थांबल्या नाहीत. १९८८ पासून त्यांनी हार्लेममध्ये मुलांच्या इजांविरुद्धचा मोठा कार्यक्रम उभा केला. मुलं रस्त्यावर खेळतात आणि गाडीखाली येतात, कारण खेळायची मैदानं मोडकी आहेत. तर मग मैदानं दुरुस्त करायची, घसरगुंडीखाली मऊ जमीन करायची, शाळेनंतर मुलांना नाच, बागकाम, खेळ यांत गुंतवायचं. एक शल्यचिकित्सक घसरगुंडीखालच्या जमिनीची काळजी करते याचं मला अप्रूप वाटतं, पण भागाकार आठवला की उलगडतं. वाळू आणि लाकडाचा भुसा म्हणजे जमिनीला घातलेलं हेल्मेटच. सिअॅटलमध्ये त्याच सुमारास सायकलच्या हेल्मेटांची मोहीम झाली. दुकानदार, शाळा आणि डॉक्टर एकत्र आले, सवलतीच्या कुपनांनी किंमत आवाक्यात आणली, आणि १९८७ साली हेल्मेट घालणारी जी मुलं शंभरात पाच-सहा होती, ती १९९२ पर्यंत चाळीस झाली. सायकलवरून पडून डोक्याला होणाऱ्या मुलांच्या इजा सुमारे दोन तृतीयांशांनी कमी झाल्या. आपल्याकडेही चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे, आणि फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठीही हेल्मेट आणि मुलाला चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा. शाळा सुटताना फाटकाबाहेर पाच मिनिटं उभं राहिलं, तर अजून किती दारं ठोठावायची आहेत ते दिसतं.

आणि ज्यांच्या वाट्याला गज आला नाही, थर्माकोल आला नाही, त्यांचं काय?

जखम भरते, टाके निघतात, केस पुन्हा वाढतात. मूल चालतं, बोलतं, जेवतं. सगळे म्हणतात, देवाची कृपा, वाचला. मग तो शाळेत जातो आणि दुसऱ्या तासाला थकून बाकावर डोकं टेकवतो. आवाज सोसत नाही. कालचा धडा आठवत नाही, पाच वर्षांपूर्वीची सहल आठवते. क्षुल्लक कारणावरून भडकतो आणि नंतर रडतो. बाहेर काही दिसत नाही, म्हणून त्याला आळशी म्हणतात, हट्टी म्हणतात. अगदी लहान मुलांच्या बाबतीत याहून विलक्षण गोष्ट घडते. कपाळामागचा मेंदूचा भाग, ज्याने आपण बेत आखतो आणि स्वतःला आवरतो, तो विशीपर्यंत घडत असतो. चौथ्या वर्षी तिथे लागलेला मार चौथ्या वर्षी दिसतच नाही, कारण चार वर्षांच्या मुलाकडून कुणी बेत आखण्याची अपेक्षा करत नाही. तो तेराव्या-चौदाव्या वर्षी वर येतो, आणि तोवर ते पडणं घरातही विस्मरणात गेलेलं असतं.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम गावच्या मॅरिलिन प्राइस स्पिव्हॅक यांच्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या मेंदूला १९७५ मध्ये मोटार अपघातात गंभीर इजा झाली. जीव वाचवण्याचं शास्त्र तोवर पुढे गेलं होतं, पण वाचलेल्या माणसाने पुढे जगायचं कसं, यासाठी जवळपास काहीच उभं नव्हतं. १९८० मध्ये त्यांनी नवऱ्यासोबत आपल्या स्वयंपाकघराच्या टेबलाशी एक संघटना सुरू केली. पुढे तीच देशभर पसरली आणि आज ब्रेन इंज्युरी असोसिएशन ऑफ अमेरिका म्हणून ओळखली जाते. अंडी फोडून पाहणारा डी हेवन आणि ही आई, दोघांचंही काम स्वयंपाकघरात सुरू झालं याचा मला मनापासून आनंद वाटतो. ब्रिटनमध्येही त्याच काळात कुटुंबांनी मिळून हेडवे ही संस्था काढली. १९९० साली अमेरिकेच्या विशेष शिक्षणाच्या कायद्यात मेंदूची इजा हा वेगळा प्रकार म्हणून लिहिला गेला, आणि बाकावर डोकं टेकवणाऱ्या मुलाला आळशी न म्हणण्याचं कायदेशीर कारण शिक्षकांना मिळालं.

अशा संस्थांच्या आधारगटांत काय चालतं? फारसं नाट्यमय काही नाही. एक आई दुसरीला सांगते की संध्याकाळी पाहुणे बोलवू नकोस, त्या वेळी मुलगा थकलेला असतो. कुणी सांगतं, एका वेळी एकच सूचना दे. कुणी नवऱ्याच्या बदललेल्या स्वभावाबद्दल पहिल्यांदाच मोठ्याने बोलते आणि समोरच्या तिघी माना डोलावतात. अपघातानंतर लोक खिशात एक वही बाळगायला शिकतात, कारण तुटलेल्या तंतूंचं काही काम कागद करू शकतो. वहीत घराचा पत्ता असतो, औषधांच्या वेळा, बसचा क्रमांक, आज कोण भेटायला येणार त्याचं नाव. रोज सकाळी चहा झाला की घरातलं कुणीतरी त्या माणसाशेजारी येऊन बसतं आणि नव्या पानावर त्याच्याच हाताने आजचा वार लिहून घेतं.