लो टनेल: काकडी लवकर कशी येते?

उत्तर भारताच्या मैदानी भागात जानेवारीत उघड्यावर पेरलेले काकडीचे बी थंडीमुळे सहसा उगवत नाही. म्हणून वाफ्यावर तारेच्या कमानी रोवून त्यांवर प्लास्टिक ओढतात. हाच लो टनेल. त्यामुळे तोडणी काही आठवडे आधी सुरू होते आणि त्या दिवसांत भावही बरा मिळतो.

‘प्लास्टिक उष्णता कोंडते’ असे विद्यार्थी हमखास लिहितात. हे उत्तर अर्धेच आहे. साध्या पॉलिथिनमधून अवरक्त किरण रात्री बरेच निसटतात. मोठी बचत होते ती वारा अडल्यामुळे. उष्णतेचा साठा असतो मातीत, तोही ओल्या मातीत, कारण पाण्याची विशिष्ट उष्णता जास्त. तेव्हा वाफा कोरडा ठेवू नये. दुपारी कडा उचलाव्यात, नाहीतर रोपे होरपळतात. ऊन उतरण्याआधी त्या पुन्हा मातीने दाबाव्यात. मादी फुले उमलू लागली की मात्र प्लास्टिक काढावेच लागते, कारण परागीभवनाला मधमाशी आत यायला हवी.