वऱ्हाडातील हबशी

अकोल्याच्या जुन्या शहरात असदगडाचे बुरूज अद्याप उभे आहेत. औरंगजेबाचा वजीर असदखान याचे नाव या किल्ल्याने जपून ठेविले. परंतु त्याच्याही पूर्वी वऱ्हाडात ज्यांनी सत्ता गाजविली, त्या हबशांचे नाव येथे क्वचितच कोणाच्या ओठी येते.

आफ्रिकेतील आजच्या इथिओपियाच्या प्रदेशास अरब लोक 'हबश' म्हणत. त्यावरून तेथील माणसे हबशी ठरली. गुलामांचे व्यापारी कित्येक मुलांना घरादारापासून तोडीत आणि समुद्रापार आणून दख्खनमध्ये विकीत. मात्र येथे गुलामाने जन्मभर गुलामच राहावे, असा नेम नव्हता. मुक्त झाल्यावर तो सैनिक होई, अंगी गुण असल्यास सरदारही होई. पंधराव्या शतकाच्या अखेरीस बहामनी वजीर महमूद गावान याने वऱ्हाडचे गाविलगड व माहूर असे दोन भाग केले, तेव्हा माहूरचा कारभार खुदावंदखान हबशी याच्या हाती आला.

या सर्वांत थोर म्हणजे मलिक अंबर. १५४८ च्या सुमारास जन्मलेल्या या मुलाचे मूळ नाव चापू. तो एकदा नव्हे, अनेकदा विकला गेला. शेवटी निजामशाहीचा मंत्री चंगीजखान याने त्याला विकत घेतले. आणि नवल असे, की चंगीजखान स्वतःही हबशीच होता! १६०० साली मोगलांनी अहमदनगर जिंकिले. तरी अंबराने मराठे स्वारांना हाताशी धरून, गनिमी काव्याने लढत, निजामशाही पुढे पंचवीस वर्षे तगविली.

या झुंजीची झळ अकोल्याच्या शेजारी बाळापुरासही लागली. १६१६ साली बाळापुराहून निघालेल्या शाहनवाजखानाने अंबराचा पराभव केला आणि त्याची खडकी उद्ध्वस्त केली. पण चारच वर्षांनी पारडे फिरले. अंबराच्या स्वारांपुढे मोगल फौज मेहकराहून बाळापुरास आणि तेथून थेट बऱ्हाणपुरास हटली. बाळापुरातील मिर्झाराजे जयसिंगाची छत्री पाहण्यास लोक जातात. त्या पळापळीची आठवण मात्र फारशी कोणी काढीत नाही.

बादशहा जहांगीर अंबराचा इतका द्वेष करी, की अंबराच्या तुटलेल्या मस्तकावर आपण बाण मारीत आहोत, असे चित्र त्याने काढविले. प्रत्यक्षात ते मस्तक त्याला कधीच लाभले नाही. १६२६ साली अंबर वृद्धापकाळी वारला. खुलदाबादेस त्याची कबर आहे. डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नळांतून त्याने खडकीस आणिले होते. त्या शहराचे नाव पुढे अनेकदा बदलले. नहरीस मात्र आजही 'नहर-ए-अंबरी' असेच म्हणतात.