पानाची ओळख पानाच्या पोटात

मसाल्याच्या डब्यातले तमालपत्र उजेडासमोर धरून पाहा. देठाजवळून निघालेल्या तीन ठळक शिरा जवळजवळ समांतर टोकाकडे गेलेल्या दिसतात. परदेशी पाककृतींत ज्याला 'बे लीफ' म्हणतात, त्या पानात मात्र मधोमध एकच मुख्य शीर असते आणि तिला दोन्ही बाजूंनी फाटे फुटलेले असतात. दोन्ही झाडे एकाच कुळातली, पण जाती निराळ्या. एकाचा वास दालचिनी-लवंगेकडे झुकणारा, तर दुसऱ्याचा निलगिरीकडे. पुलावात कोणते पान पडले आहे, हे सांगायला गृहिणीला कोणतेही यंत्र लागत नाही.

पण हीच पाने कुटून त्यांची पूड केली तर? आकार गेला, शिरा गेल्या, उरला तो हिरवट-तपकिरी भुगा. स्वयंपाकात त्याने फारसे बिघडत नाही, औषधात मात्र बिघडते. १९९७ साली अमेरिकेत 'प्लॅन्टेन' नावाच्या वनस्पतीच्या औषधी मालात डिजिटॅलिसची पाने मिसळलेली सापडली. हे प्लॅन्टेन म्हणजे आपल्या इसबगोलाचे भावंड आणि डिजिटॅलिस म्हणजे थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी विषारी वनस्पती. आजच्या वर्गीकरणानुसार दोन्ही एकाच कुळात मोडतात. तो माल पोटात गेलेल्या एका तरुणीच्या हृदयाची लय बिघडली आणि तिला रुग्णालयात दाखल करावे लागले. तेव्हा कुठे चौकशी सुरू झाली.

आपल्याकडचे जवळचे उदाहरण सोनामुखीचे. बद्धकोष्ठावरचे हे जुने औषध. तामिळनाडूतील तिरुनेलवेली भागात त्याची लागवड होते, राजस्थान-गुजरातच्या कोरड्या जमिनीतही होते, आणि तिथून माल परदेशी जातो. सोनामुखीचा एक जवळचा नातेवाईक आपल्या माळरानावर, रस्त्याच्या कडेला पिवळ्याधमक फुलांनी डवरलेला असतो. तो म्हणजे तरवड. तरवडाचेही पान संयुक्त असते आणि त्याच्या सुट्या पर्णिका वाळल्या की सोनामुखीत सहज मिसळून जातात. त्याची साल कातडी कमावण्यासाठी वापरतात, फुलांचाही उपयोग होतो, पण सोनामुखीतले रेचक द्रव्य त्याच्या पानात नसते. भेसळीचे चूर्ण घेणाऱ्याला गुण येत नाही. मग तो मात्रा वाढवतो आणि पुढच्या वेळी शुद्ध माल हाती आला की पोटात मुरडा येऊन हैराण होतो. दोष मात्र औषधाला!

अशा वेळी पानाच्या आत डोकवावे लागते. चिमूटभर पूड क्लोरल हायड्रेटच्या द्रावणात उकळली की हिरवा रंग निघून जातो आणि पेशी काचेसारख्या स्वच्छ दिसू लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली सोनामुखीचा तुकडा आला की तो आपली ओळख लगेच देतो. त्याच्या कातडीवरचे केस एकाच पेशीचे, जाड भिंतीचे आणि बुडाशी किंचित वाकलेले असतात. त्यांच्या अंगावर चामखिळींसारखे बारीक उंचवटे असतात. पूर्वी आफ्रिकेतून येणाऱ्या सोनामुखीत 'अर्घेल' नावाच्या झुडपाची पाने मिसळत असत. त्याचे केस दोन किंवा तीन पेशींचे असतात, म्हणजे एवढ्यानेच निकाल लागतो. शिवाय सामान्य पानात उभ्या खांबांसारख्या पेशींचा थर फक्त वरच्या बाजूला असतो, सोनामुखीत तो वर आणि खाली अशा दोन्ही बाजूंना असतो. शिरांच्या कडेने कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक माळेतल्या मण्यांसारखे ओळीने बसलेले असतात. तरवडासाठी एक सोपी रासायनिक खूणही आहे. ८० टक्के गंधकाम्ल घातले की त्याचे तुकडे किरमिजी होतात.

खरी कसोटी लागते ती सख्ख्या भावंडांत. बाजारात सोनामुखीचे दोन प्रकार चालतात, अलेक्झांड्रियाची आणि तिरुनेलवेलीची. केस तेच, स्फटिक तेच, थरही तेच. मग फरक कशात? मोजण्यात. पानाच्या कातडीवर श्वास घेण्यासाठी बारीक पर्णरंध्रे असतात. एका चौरस मिलिमीटरमध्ये ती किती, हे मोजून भागत नाही. झाड उन्हात वाढले की सावलीत, पाणी भरपूर मिळाले की कमी, यावर तो आकडा बदलतो. पान मोठे होताना पेशी फुगतात, रंध्रे एकमेकांपासून लांब जातात आणि आकडा घटतो. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ ई. जे. सॅलिसबरी यांनी १९२७ साली यावर साधा तोडगा सुचवला. रंध्रे आणि कातडीच्या इतर पेशी एकत्र मोजा आणि त्या शंभरात रंध्रे किती, ते काढा. पान ताणले गेले तरी दोन्ही बरोबरच लांब जातात, त्यामुळे हे प्रमाण फारसे हलत नाही.

या हिशेबाने अलेक्झांड्रियाच्या सोनामुखीत शेकडा ११.४ ते १३.३ रंध्रे भरतात, तिरुनेलवेलीच्या सोनामुखीत १७.१ ते २०. मधे स्पष्ट अंतर आहे. नखाएवढा तुकडा मिळाला तरी पुरे.

गंमत म्हणजे वनस्पतिशास्त्रज्ञ आता या दोन्ही सोनामुखींना एकाच जातीत घालतात. म्हणजे जुनी मोजणी चुकली असे नव्हे. आकड्यांतला फरक खराच आहे, त्याला दोन जाती म्हणायचे की एका जातीचे दोन वाण, एवढाच वाद. माल कुठल्या प्रकारचा हे व्यापाऱ्याला हवे असते, आणि त्या प्रश्नाला आकडा आजही उत्तर देतो.

आता डीएनए तपासून जात ओळखता येते. मग सूक्ष्मदर्शक अडगळीत टाकावा का? मुळीच नाही. डीएनए 'ही कोणती वनस्पती' ते सांगतो, पण पूड पानाची की काडीची, हे त्याला सांगता येत नाही. ते पेशी पाहूनच कळते, आणि खर्चही थोडाच. मात्र काढा किंवा अर्क समोर आला की सूक्ष्मदर्शकाचा उपयोग संपतो. गाळून घेतलेल्या पाण्यात पेशी उरतच नाहीत, तिथे रासायनिक तपासणीलाच शरण जावे लागते.

पर्णरंध्रे पाहण्याची हौस घरीही भागवता येते. कुंडीतल्या एखाद्या गुळगुळीत पानाच्या खालच्या बाजूला रंगहीन नेलपॉलिशचा पातळ हात द्यावा. वाळल्यावर त्यावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून अलगद सोलावी आणि ती काचपट्टीवर लावून मुलांच्या शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावी. ओठांसारख्या दोन पेशी आणि त्यांच्या मधली फट स्पष्ट दिसते. केसाळ पान मात्र घेऊ नये, त्याचा ठसा नीट उमटत नाही.