नव्या पार्टीवर खटले आहेत काय? न्यायालयाची नोंद कोठे व कशी पाहावी

कापडाचा व्यापार उधारीवर चालतो, हे सांगण्याची गरज नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे कोरे कापड सुरत, अहमदाबाद, पाली, बालोत्रा येथे जाते. माल आज जातो आणि पैसा दोन-तीन महिन्यांनी येतो. मध्ये दलाल असतो, त्याच्या शब्दावर गाठी ट्रान्सपोर्टला लागतात. जुन्या पार्टीचा प्रश्न नसतो, प्रश्न असतो नव्या पार्टीचा. तिच्याविषयी आम्ही व्यापारी दलालाला विचारतो, बाजारात दोन-चार ठिकाणी चौकशी करतो आणि "पार्टी चांगली आहे" एवढे ऐकून माल सोडतो. परंतु दलालाची दलाली माल गेल्यावरच निघते, आणि पार्टीचे शेजारी दुकानदार तिच्याविरुद्ध बोलण्यास सहसा तयार नसतात.

या तोंडी चौकशीच्या जोडीला आज एक लेखी साधन उपलब्ध आहे. त्यासाठी एक पैसाही लागत नाही. ते साधन म्हणजे न्यायालयाची नोंद.

चेक परत जाणे हा फौजदारी गुन्हा

1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमध्ये कलम 138 घालण्यात आले आणि ते 1 एप्रिल 1989 पासून लागू झाले. देणे फेडण्यासाठी दिलेला चेक खात्यात पैसे नसल्याने परत आला, नोटीस मिळूनही 15 दिवसांत रक्कम दिली नाही, तर तो गुन्हा ठरतो. शिक्षा 2 वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे जो माणूस व्यापाऱ्यांचे पैसे बुडवीत आला आहे, त्याच्या मागे बहुधा फौजदारी खटल्यांची रांग असते, आणि ती न्यायालयात नोंदलेली असते.

पूर्वी ही नोंद पाहायची तर ओळखीच्या वकिलाला कोर्टाच्या कारकुनाकडे पाठवावे लागे. आता देशभरातील जिल्हा व तालुका न्यायालयांची माहिती 'ई-कोर्ट्स सर्व्हिसेस' या सरकारी वेबसाईटवर आणि त्याच नावाच्या मोबाईल ॲपवर खुली आहे.

आधी नाव नक्की करा

बिलावर दुकानाचे नाव असते, खटला मात्र बहुधा माणसाच्या नावावर असतो. म्हणून पहिले काम जीएसटी क्रमांक मागण्याचे. जीएसटीच्या वेबसाईटवर तो क्रमांक टाकला की मालकाचे कायदेशीर नाव, व्यापारी नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे, हे दिसते. क्रमांक 15 अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27 आणि गुजरातचे 24. त्यापुढील दहा अक्षरे म्हणजे पॅन. संपूर्ण क्रमांकातील सहावे अक्षर 'पी' असेल तर धंदा एका माणसाचा, 'एफ' असेल तर भागीदारीचा, 'सी' असेल तर कंपनीचा समजावा. एकाच मालकाची पेढी असेल तर त्या माणसाचे नाव शोधावे. भागीदारी असेल तर पेढीचे आणि प्रत्येक भागीदाराचे नाव शोधावे. कंपनी असेल तर डायरेक्टरांची नावेही शोधावीत.

नाव इंग्रजी अक्षरांत टाकावे लागते. तेथे आपल्या समाजातील नावांची अडचण मोठी आहे. 'मोहम्मद' चार-पाच प्रकारे लिहिले जाते, कोठे पूर्ण, कोठे फक्त 'मोहद' असे तोडून. 'शेख' दोन-तीन प्रकारे लिहिले जाते. म्हणून संपूर्ण नाव टाकण्याऐवजी नावाचा ठळक भाग टाकावा आणि प्रत्येक स्पेलिंग वेगळे तपासावे.

पार्टीच्या गावात नव्हे, तिच्या सावकारांच्या गावात शोधा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पार्टी अहमदाबादची आहे म्हणून बहुतेक लोक अहमदाबादच्या न्यायालयात नाव पाहतात आणि काही सापडले नाही की निर्धास्त होतात. हे चुकीचे आहे. 2015 च्या दुरुस्तीनंतर, खात्यात वटविण्यास टाकलेल्या चेकचा खटला जेथे चालतो ते ठिकाण चेक देणाऱ्याचे नसून घेणाऱ्याचे असते. ज्याला चेक दिला, त्याचे खाते ज्या बँक शाखेत आहे, त्या हद्दीतील न्यायालयात खटला दाखल होतो.

म्हणजे अहमदाबादच्या पार्टीने भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीच्या व्यापाऱ्यांना बुडविले असेल, तर खटले भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीत असतील. तिच्या स्वतःच्या गावात तिचे नाव स्वच्छ दिसेल. म्हणून ती पार्टी आजवर कोठून माल उचलत आली हे दलालाकडून काढावे आणि त्या त्या ठिकाणची न्यायालये पाहावीत.

वेबसाईटवर प्रथम राज्य, मग जिल्हा, मग न्यायालयाचे संकुल निवडावे. भिवंडीसाठी ठाणे जिल्हा, मालेगावसाठी नाशिक, इचलकरंजीसाठी कोल्हापूर. मुंबईची दंडाधिकारी न्यायालये वेगळी दाखविलेली आहेत. नंतर 'पक्षकाराचे नाव' हा प्रकार घ्यावा, नाव व वर्ष टाकावे आणि चालू तसेच निकाली असे दोन्ही खटले मागावेत. नावाने शोधताना वर्ष द्यावेच लागते, म्हणून मागील सात-आठ वर्षे एकेक करून पाहावीत. कंटाळवाणे काम आहे, परंतु एका संध्याकाळचे आहे. संगणकापूर्वीच्या काळातील जुने खटले तेथे सापडतीलच असे नाही.

समोर आलेले कसे वाचावे

महाराष्ट्रात चेकचे खटले बहुधा 'एससीसी' म्हणजे समरी क्रिमिनल केस म्हणून नोंदले जातात. 'आरसीसी' म्हणजे रेग्युलर क्रिमिनल केस. प्रत्येक खटल्याला 16 अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. तो लिहून ठेवावा, म्हणजे पुढे शोध न घेता खटला थेट उघडता येतो.

खटला उघडल्यावर फिर्यादी, आरोपी, कायदा व कलम, पुढील तारीख आणि मागील सर्व तारखा दिसतात. नुसती संख्या पाहू नये. एकाच व्यापाऱ्याने एका व्यवहारातील पाच चेकवर पाच खटले केले असतील, तर ते एकच भांडण आहे. पाच वेगळ्या व्यापाऱ्यांनी वेगवेगळ्या वर्षी खटले केले असतील, तर ती सवय आहे. आणि तारखांचा इतिहास अवश्य वाचावा. जो माणूस कोर्टात हजर राहतो, त्याला आपली बाजू मांडायची आहे. जो दोन-तीन वर्षे समन्स घेत नाही आणि ज्याच्यावर वॉरंट निघते, त्याच्याकडे आपला वसुलीचा माणूस गेला तरी तो असाच सापडणार नाही.

पोलिसांतील तक्रार आणि नक्कल

फसवणुकीची तक्रार पोलिसांत झाली असेल तर तिचा मार्ग वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने 7 सप्टेंबर 2016 रोजी एफआयआर वेबसाईटवर टाकण्याचा आदेश दिला. लैंगिक अत्याचार, दहशतवाद यांसारखे नाजूक गुन्हे त्यातून वगळले आहेत. महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाईटवर तारीख, जिल्हा व पोलीस ठाणे निवडून एफआयआर पाहता येतो. 30 जून 2024 पर्यंतच्या फसवणुकीला भारतीय दंड संहितेचे कलम 420 लागे, 1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचे कलम 318 लागते. एफआयआरचा क्रमांक हाती आला की ई-कोर्ट्सवर त्यावरूनही खटला शोधता येतो.

काही गोष्टी मात्र खुल्या नाहीत. आरोपपत्र सार्वजनिक करण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये फेटाळली. एखाद्या माणसाचा पूर्वइतिहास पोलिसांकडून तिऱ्हाइताला मागता येत नाही. चारित्र्य पडताळणीचा दाखला त्या माणसाने स्वतः किंवा त्याला कामावर ठेवणाऱ्याने मागायचा असतो. खटल्यातील कागदाची प्रमाणित नक्कल हवी असेल आणि आपण पक्षकार नसू, तर न्यायालयात कारण देऊन अर्ज करावा लागतो. माहिती अधिकाराचा अर्ज येथे चालत नाही. नकला उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच घ्याव्यात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये दिला आहे.

खटला म्हणजे शिक्षा नव्हे

व्यापारी बांधवांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे की, नोंदीत नाव दिसले म्हणजे माणूस चोर ठरला असे नाही. कधी माल खराब निघाल्यामुळे पार्टी पेमेंट थांबविते आणि चेक परत जातो. कधी मंदीत चांगला माणूसही अडतो आणि पुढे पै न् पै फेडतो. कलम 138 चा गुन्हा तडजोडीने मिटविता येतो आणि पुष्कळ खटले तसेच मिटतात. शिवाय भिवंडी-मालेगावात एकाच नावाचे अन्सारी आणि मोमीन गल्लोगल्ली आहेत. वडिलांचे नाव, पेढी आणि पत्ता जुळल्याशिवाय नोंद त्याच माणसाची समजू नये. सापडलेली नोंद मोबाईलवरून बाजारभर फिरवू नये. एखाद्याची साख जमायला पंचवीस वर्षे लागतात आणि ती दुसऱ्याच्या नावाच्या साधर्म्याने एका दिवसात जाऊ शकते. प्रसंगी बदनामीचा खटला आपल्यावरच येतो.

नोंद मिळाल्यावर सरळ मार्ग म्हणजे पार्टीलाच विचारणे. खरा माणूस भांडण काय होते ते सांगेल आणि कागद दाखवील. उत्तर टाळणाऱ्याला उधारी देऊ नये, किंवा रोखीने व्यवहार करावा.

आणि हे लक्षात ठेवावे की, हीच वही आपल्यासाठीही उघडी आहे. ज्यांच्याकडून आम्ही सूत घेतो, ते आमचे नाव पाहणारच. म्हणून आपल्यावर खटला झाला असेल आणि तडजोड झाली असेल, तर पैसे देऊन घरी बसू नये. दोन्ही पक्षांनी न्यायालयात पुरशिस दाखल करून खटला निकाली झाल्याची नोंद करून घ्यावी. देणे फिटूनही खटला 'चालू' दिसत राहिला, तर पुढची पार्टी आपल्याला कारण न विचारताच माल नाकारील.