अक्षराची कड आणि अक्षराची वाट

लिपी डोळ्यांनी वाचावयाची असली, तरी ती जन्मास येते हाताच्या गतीतून. छापील अक्षरात ही गती थिजून गेलेली असते. अलीकडे संगणकाच्या पडद्यावर मात्र अक्षरे पुन्हा लिहिली जाताना दिसू लागली आहेत. चित्रपटांच्या श्रेयनामावलीत, जाहिरातींत आणि विशेषतः मुळाक्षरे शिकविणाऱ्या चित्रफितींत एक रेघ धावत येते आणि पाहता पाहता अक्षर सिद्ध होते. बालवर्गासाठी अशा चित्रफिती तयार होत असताना अक्षरवळणाविषयी मला विचारणा झाली. त्या निमित्ताने ही रेघ धावते कशी, हे मी समजून घेतले. भाषेच्या अध्यापकाने या यंत्रविद्येत का लक्ष घालावे, याचे उत्तर पुढील विवेचनातून मिळावे.

या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या साधनांपैकी ‘आफ्टर इफेक्ट्स’ हे एक प्रसिद्ध साधन होय. अमेरिकेतील एका लहान कंपनीने ते 1993 साली बाजारात आणले व 1994 पासून ते अडोबी कंपनीकडे आहे. त्यात रेघ हलविण्याची युक्ती मुळात साधी आहे. आधी एक मार्ग आखावयाचा, त्यावर ठरावीक जाडीची रेघ बसवावयाची आणि त्या मार्गाचा किती भाग दाखवावयाचा, हे टक्केवारीने सांगावयाचे. ‘ट्रिम पाथ्स’ या सोयीत त्यासाठी तीन मूल्ये असतात. ‘स्टार्ट’ म्हणजे रेघेचा आरंभ, ‘एन्ड’ म्हणजे तिचा शेवट आणि ‘ऑफसेट’ म्हणजे दिसणारा तुकडा मार्गावरून पुढेमागे सरकविणारा कोन. आरंभ शून्यावर ठेवून शेवटाचे मूल्य शून्यापासून शंभरापर्यंत नेले, की रेघ उमटत जाते. कोणत्या क्षणी कोणते मूल्य असावे, हे नोंदविणाऱ्या खुणेस ‘की-फ्रेम’ म्हणतात. दोन खुणांमधील मूल्ये यंत्र स्वतः भरून काढते.

येथवर सारे सुबोध आहे. अडचण पुढे आहे, आणि ती तंत्राची नसून लिपीची आहे.

आपण पडद्यावर ‘व’ टंकलिखित केला आणि त्याचे रूपांतर मार्गात केले, तर हाती काय येते? अक्षर कसे लिहिले गेले, याची स्मृती टंकात नसते. त्यात असते ती केवळ शाईच्या डागाची सीमा. ‘व’ची एक बाहेरची कड आणि पोटातील पोकळीची दुसरी कड, असे दोन बंद मार्ग आपणास मिळतात. त्यांवर रेघ धावविली, तर ती अक्षराभोवती प्रदक्षिणा घालते. शेताच्या बांधावरून कोणी फिरावे, तसे ते फिरणे होय. त्यात नांगरणी नाही. शोभेच्या शीर्षकास हे पुरेसे आहे. लेखन शिकविण्यास ते निरुपयोगी आहे.

शोभेपुरते पाहिले, तरी देवनागरीचे काही हट्ट आहेतच. टंकातील प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येते आणि हे तुकडे एकमेकांवर किंचित चढतात. त्यामुळे ‘मराठी’ या शब्दास कड दिली, की प्रत्येक सांध्यावर शिरोरेषेस छेदणाऱ्या उभ्या रेघा दिसतात. यावर उपाय म्हणजे ‘मर्ज पाथ्स’ ही सोय ‘ॲड’ या प्रकारात वापरून सर्व तुकड्यांचा एकजीव आकार करणे. दुसरी गोष्ट जाडीची. रेघ मार्गाच्या दोन्ही बाजूंस समान पसरते. दहा पिक्सेलची रेघ पाच आत आणि पाच बाहेर जाते. ती फार जाड केली, तर ‘ष’ किंवा ‘क्ष’ यांसारख्या अक्षरांचे पोट बुजून जाते. अशा वेळी आतील रंग रेघेच्या वर ठेवावा. म्हणजे रेघेचा केवळ बाहेरचा अर्धा भाग दिसतो.

अक्षर खरोखर लिहिले जाताना दाखवावयाचे असेल, तर मात्र कड सोडून वाट धरावी लागते. लेखणीचे टोक जेथून जाते, ती मध्यरेषा हाताने आखावी लागते. ‘व’साठी अशा तीन वाटा हव्यात : प्रथम डावीकडील गोलाई, मग वरून खाली येणारा दंड आणि शेवटी डावीकडून उजवीकडे जाणारी शिरोरेषा. दंड खालून वर चढू लागला, तर मार्गाची दिशा उलटविण्याची सोय आहे. रेघेची टोके गोल ठेवली, तर सांधे खटकत नाहीत. टंकाचेच सुबक वळण हवे असेल, तर या जाड मध्यरेषेचा उपयोग पडद्यासारखा करतात : रेघ जेथवर पोहोचते, तेथवरचे अक्षर उघडे होते. मात्र जेथे दोन वाटा एकमेकींना छेदतात, तेथे शेजारचा भाग वेळेआधी डोकावतो. म्हणून तेथे अक्षराचे तुकडे पाडून प्रत्येकास स्वतंत्र वाट द्यावी लागते.

कालमानाचेही तसेच आहे. सेकंदास 25 चित्रे धरली, तर तीन सेकंदांत 75 चित्रे होतात. गोलाईस 30, दंडास 15, शिरोरेषेस 20 आणि मध्ये लेखणी उचलण्यासाठी पाच-पाच चित्रांचे दोन विराम, अशी वाटणी मला योग्य वाटते. विराम न ठेवल्यास हात उचलावयाचा असतो, हेच मुलास कळत नाही.

हा क्रम यंत्रास ठाऊक नसतो. तो लिपीच्या परंपरेतून यावा लागतो. मोडीचे उदाहरण घ्या. बालबोधीत शिरोरेषा शेवटी येते. मोडी लिहिणारे मात्र आधी ओळभर शिरोरेषा आखीत आणि मग तिच्याखाली, शक्यतो लेखणी न उचलता, अक्षरे लिहीत. बडोदे संस्थानच्या दप्तरातील मोडी कागदांवरील ओळ पडद्यावर जिवंत करावयाची झाली, तर हीच सोय, हीच मूल्ये, पण क्रम नेमका उलट ठेवावा लागेल. तो चुकला, तर चित्र सुंदर दिसेल आणि इतिहास खोटा होईल.

आपल्या बडोद्यातील मराठी मुलांच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच मोलाची आहे. ज्या गुजराती लिपीत ती चहूकडे पाट्या वाचतात, तीत शिरोरेषा नाही. गुजरातीतील ‘व’ हा आपल्या ‘व’चा जवळचा सोयरा आहे, गोलाई तीच, दंडही तोच. शिरोरेषा शेवटी आणि सावकाश उमटताना पाहिली, म्हणजे दोन लिप्यांचे नाते आणि त्यांतील भेद मुलास न सांगता उमगतो. तीच रेघ कडेवरून गरगर फिरून गेली, तर यांपैकी काहीच कळत नाही.

पूर्वी गुरुजी मुलाचा हात हातात धरून पाटीवर अक्षर गिरवून घेत. महाराष्ट्राबाहेरील कित्येक घरांत आज मराठी अक्षराची पहिली ओळख पडद्यावर होते. म्हणून अशी चित्रफीत करणाऱ्या तरुणाशेजारी अक्षरवळण जाणणारा शिक्षक बसला पाहिजे. रेघेची जाडी, रंग आणि वेग त्या तरुणाने ठरवावा. ती कोठून निघावी, कोठे थांबावी आणि कोठे संपावी, हे सांगण्याची जबाबदारी शिक्षकाची आहे.